केंद्रातला काटा

प्रश्न आला आहे: ‘पत्रिकेतला केंद्रयोग म्हणजे ग्रह कुंडलीच्या मध्यभागी येणे का? आणि तो शुभ की अशुभ?’

मध्यभागी अजिबात नाही. ‘गुरू केंद्रात, म्हणजे पत्रिकेच्या मधोमध बसलाय’ हे जाणत्या म्हणवणाऱ्यांकडूनही सारखं ऐकावं लागतं, म्हणून आधी तेच खोडतो. लग्नापासून, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणाऱ्या राशीच्या घरापासून मोजलेलं पहिलं, चौथं, सातवं आणि दहावं ही केंद्रस्थानं. केंद्रयोग त्याहून वेगळा: दोन ग्रहांत ९० अंशांचं अंतर. ६० अंशांचा लाभयोग, १२० चा नवपंचम, १८० चा प्रतियोग, त्याच पंगतीतला हा.

गैरसमजाचं मूळ आकृतीत आहे. आपल्याकडच्या कुंडलीत ही चार घरं मोठी असतात आणि चारही मधल्या बिंदूला टेकतात. दक्षिणेकडची कुंडली मांडून बघा. तिथे बाराही चौकटी कडेने, मधली जागा रिकामी, मध्यबिंदूला एकही घर शिवत नाही. तरी नाव केंद्रच. म्हणजे नाव चित्रावरून पडलेलं नाही.

ते पडलं ग्रीकांच्या ‘केन्त्रॉन’वरून. आणि केन्त्रॉन म्हणजे मुळात टोचणारं टोक! बैलाला टोचायच्या पराणीची आर, गांधीलमाशीची नांगी, कंपासचं रोवलेलं टोक, सगळं केन्त्रॉनच. कंपासच्या टोकावरून वर्तुळाचा मध्य हा अर्थ निघाला. आपली परीक्षा केंद्रं आणि केंद्र सरकार त्या शाखेवरची. ग्रीक ज्योतिष्यांनी मात्र उदय, मध्यान्ह, अस्त आणि पाताळ या आकाशाच्या चार खुणांना हेच नाव दिलं. संस्कृतात धातू शोधत बसणाऱ्यांना माझा एकच सवाल आहे. केंद्रांच्या पुढची २, ५, ८, ११ ही स्थानं ‘पणफर’ आणि त्यापुढची ३, ६, ९, १२ ही ‘आपोक्लिम’ का? ग्रीकात ती ‘एपानाफोरा’ आणि ‘आपोक्लिमा’ आहेत. एखादा शब्द योगायोगाने जुळेल, तिन्ही ओळीने जुळत नाहीत.

आता मला सर्वांत प्रिय असलेला मुद्दा. सहाव्या शतकातला ज्योतिषी वराहमिहिर आपल्या बृहज्जातक या ग्रंथात या चार स्थानांची नावं एका दमात देतो: ‘कण्टककेन्द्रचतुष्टयसंज्ञाः’. चतुष्टय म्हणजे चौकडी, ते सरळ आहे. पण कंटक? काटा! माझं ठाम मत आहे की हा केन्त्रॉनचा केलेला अनुवाद आहे. कुणीतरी परका शब्द ‘केंद्र’ म्हणून उचलला आणि त्याचा अर्थही नीट समजून घेऊन शेजारी ठेवला. पापग्रह तिथे टोचतात म्हणून कंटक, हे स्पष्टीकरण मला मुळीच पटत नाही, कारण शुभग्रहांनाही केंद्रातच बळ मिळतं असं तेच शास्त्र सांगतं. आर टोचली की बैल चालू लागतो. ग्रीकांच्या मतेही केन्त्रॉनवरचा ग्रह जोमाने काम करतो. चंद्रापासून केंद्रात आलेल्या शनीला ‘कंटक शनी’ म्हणतात, त्या नावात तोच काटा अजून जिवंत आहे.

हाच वराहमिहिर ‘होरा’ शब्दाबाबत लोक अर्धाच वाचतात. अहोरात्रातलं पहिलं आणि शेवटचं अक्षर गाळून होरा झाला, असं त्याच्या नावावर खपवलं जातं. श्लोकात ‘एके’ असा शब्द आहे: काही जण असं मानतात. तो गाळून बाकीचा श्लोक पुरावा म्हणून मिरवणं हा अभ्यास नव्हे. होरा हा ग्रीक ‘होरा’च, इंग्रजीतल्या अवरचा सख्खा भाऊ; ‘त्याचा होरा चुकला’ म्हणताना आपण रोज वापरतो तो. आणि यवनांकडून, म्हणजे ग्रीकांकडून, घेण्यात वराहमिहिराला कमीपणा वाटत नव्हता. हे शास्त्र त्यांच्यात नीट रुजलं आहे, म्हणून ते ऋषींसारखे पूज्य, असं त्याने बृहत्संहितेत स्वच्छ लिहिलं आहे.

शुभ-अशुभाचं विचारलं होतं. ९० अंशांचा केंद्रयोग सहसा त्रासदायक धरतात. पण चंद्रापासून गुरू केंद्रस्थानी असेल तर त्यालाच गजकेसरी म्हणून नावाजतात. तेव्हा कुणी नुसतं ‘केंद्रात आहे’ म्हणालं, तर कशापासून मोजलं ते आधी विचारा.