यूकेत खोलीत टीव्ही नाही, सगळं लॅपटॉपवरच बघतो. तरी टीव्ही लायसन्स लागतं का?

तुम्ही कॉव्हेंट्रीत स्टुडंट हॉलमध्ये राहता, लॅपटॉपवर नेटफ्लिक्स, मराठी मालिका, बातम्या आणि भारताच्या मॅच बघता आणि आता ‘द लीगल ऑक्युपायर’ (म्हणजे तिथे राहणारा, जो कोणी असेल तो) या नावाने टीव्ही लायसन्सचं पत्र आलंय, असं तुम्ही लिहिलंय. आधी एक सांगतो, घाबरून लगेच पैसे भरू नका. टीव्ही बघण्याच्या या परवान्याची फी एप्रिल 2025 मध्ये वर्षाला 174.50 पौंड झाली. कर्ज काढून शिकायला आलेल्या मुलांनी नुसत्या पत्राच्या धाकाने ती भरलेली मी पाहिली आहे आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

कायदा टीव्ही आहे की लॅपटॉप, हे बघतच नाही. तुम्ही काय बघता आणि कधी बघता, एवढंच बघतो. कुठल्याही चॅनेलवर चालू असलेला कार्यक्रम त्याच वेळी बघितलात किंवा रेकॉर्ड केलात, तर लायसन्स लागतं, मग तो मोबाइलवर का असेना. आणि बीबीसी आयप्लेअरवर, म्हणजे बीबीसीच्या ऑनलाइन व्हिडिओ सेवेवर, काहीही बघायचं असेल, अगदी मागच्या महिन्यातला कार्यक्रमसुद्धा, तरी लागतं. आयप्लेअरवर नंतर बघण्याची सूट पूर्वी होती, ती 1 सप्टेंबर 2016 ला गेली.

आता तुमच्या यादीकडे येऊ. नेटफ्लिक्सवरचे सिनेमे आणि झी5 वर मालिकेचा कालचा भाग, याला लायसन्स नको. यूट्यूबवरचे साधे व्हिडिओ, मॅचच्या हायलाइट्स, यालाही नको. पण मॅच लाइव्ह बघत असाल तर हवं.

आपली माणसं सगळ्यात जास्त अडकतात ती बातम्यांत. यूट्यूब फुकट आहे, मग लायसन्स कशाला, असं सगळ्यांना वाटतं. पण यूट्यूबवर मराठी न्यूज चॅनेलचं ‘लाइव्ह’ लावलंत, तर तुम्ही चालू प्रक्षेपणच बघताय. चॅनेल परदेशी आहे म्हणून सुटका होत नाही. त्याच चॅनेलने तासाभराने टाकलेली क्लिप बघा, काही प्रश्न नाही. एखादा यूट्यूबर स्वतःच्या खोलीतून लाइव्ह आला, तर तेही चालतं, कारण ते टीव्ही चॅनेल नव्हे.

हॉलमध्ये कॉमन रूमच्या टीव्हीचं लायसन्स असतं, पण ते तुमच्या खोलीला लागू होत नाही. कोणी म्हणेल, माझ्या आईवडिलांच्या लायसन्सवर चालतं. ते खरं आहे, पण आईवडील यूकेत राहत असतील आणि त्यांच्या घराचं लायसन्स असेल तर. त्यातही लॅपटॉप निव्वळ बॅटरीवर चालू हवा, चार्जर भिंतीत लावला की ती सवलत संपली. आईवडील पुण्यात असतील तर हा मुद्दाच नाही. पुढे मित्रांबरोबर घर घ्याल तेव्हा भाडेकरार सगळ्यांचा मिळून एकच असेल, तर घराला एक लायसन्स पुरतं. प्रत्येकाचा करार वेगळा असेल तर ज्याचं त्याने बघायचं.

माझं मत विचाराल तर लाइव्ह आणि आयप्लेअर सोडता येत असेल तर सोडा आणि टीव्ही लायसन्सिंगच्या, म्हणजे ही फी गोळा करणाऱ्या यंत्रणेच्या, वेबसाइटवर ‘लायसन्सची गरज नाही’ असं कळवून टाका. पत्रं काही काळ थांबतात. पण लाइव्ह मॅच सोडवत नसेल, तर सरळ लायसन्स घ्या, हप्त्यांनी भरता येतं. विनालायसन्स बघताना सापडलात तर 1,000 पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो, वर कोर्टाचा खर्च. शिक्षण संपवून वर्षाच्या मध्येच खोली सोडलीत, तर उरलेल्या पूर्ण महिन्यांचे पैसे मागता येतात. बरेच जण मागतच नाहीत, तुम्ही मागा.

तपासनीस दारात आलाच तर सभ्यपणे बोला. कोर्टाचं सर्च वॉरंट नसेल तर त्याला खोलीत घेण्याचं बंधन तुमच्यावर नाही. आणि लायसन्सच्या नावाने ईमेल आला तर त्यातल्या लिंकवर कार्डाचा नंबर घालू नका, या नावाने फसवणूक खूप चालते. वेबसाइटचा पत्ता स्वतः टाइप करूनच आत जा.