लेणी, धबधबे आणि पावसाळी वाटा: वाचकांचे प्रश्न

पावसाळी अंकासाठी आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. एकाच विषयावरची पत्रं एकत्र करून उत्तर दिलं आहे.

जुलैमध्ये लेणी आणि धबधबा एकाच दिवसात पाहायचा आहे. गाडी नाही, लोकलनेच जाणार. मुंबईकडून कुठे जावं? (डोंबिवली)

भाजे. लोणावळ्यापर्यंत पहाटेची गाडी धरा आणि तिथून पुण्याकडे जाणाऱ्या लोकलने एकच स्टेशन पुढे, मळवलीला उतरा. दक्षिणेकडे निघालेल्या रस्त्याने एक्स्प्रेस वेवरचा पूल ओलांडला की भाजे गाव लागतं. रमतगमत अर्ध्या तासात पायऱ्यांशी पोहोचाल. तिकीटखिडकी उघडते त्या सुमारास पोहोचणं सगळ्यात चांगलं, कारण रविवारी अकरानंतर तिथे चैत्यगृहापेक्षा (स्तूप असलेल्या प्रार्थनागृहापेक्षा) माणसंच जास्त दिसतात.

चैत्यगृहासमोर पाच मिनिटं नुसते उभे राहा. आतले अष्टकोनी खांब सरळ नाहीत, आतल्या बाजूला कललेले आहेत. लाकडी इमारतीत छताचा रेटा पेलायला खांब तिरपे लावत. कारागिरांनी दगडात गरज नसतानाही तीच रीत ठेवली, कारण त्यांचा हात लाकडावर बसलेला होता. दर्शनी भागात मोठी कमान उघडी दिसते. तिथे पूर्वी लाकडी दर्शनभिंत होती आणि ती बसवायला केलेल्या खाचा आजही दिसतात. ही लेणी इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात सुरू झाली.

बहुतेक लोक इथूनच परततात आणि इथेच चूक होते. पुढे दक्षिणेला चालत राहा. आधी चौदा स्तूपांचा समूह लागतो आणि त्यापुढच्या शेवटच्या विहारात, म्हणजे भिक्षूंच्या निवासाच्या लेण्यात, रथावरचा सूर्य आणि हत्तीवरचा इंद्र कोरलेले आहेत. त्याच विहारात तबल्यासारखी जोडवाद्यं वाजवणारी स्त्री आणि शेजारी नाचणारी दुसरी स्त्रीही आहे. धबधबा याच टोकाला आहे. तो लेण्यांच्या बाजूनेच पाहावा. खालच्या ओढ्यातून दगड चढत वर जाण्याची टूम अलीकडे फार वाढली आहे, ती टाळा.

त्याच दिवशी लोहगड, विसापूर आणि कार्लेही उरकायचा बेत करू नका. चांगलं चालणाऱ्यांनी भाज्यातून गायमुख खिंडीमार्गे लोहगड जोडावा. खिंडीपर्यंतच दीड-दोन तासांची चढण आहे. विसापूरच्या पायऱ्यांवरून जुलैत ओढा वाहतो. फोटोत ते फार सुंदर दिसतं, पण उतरताना त्याच पायऱ्यांवर घोटे मुरगळतात. लोणावळा-पुणे लोकलमध्ये दुपारी मोठा खंड असतो, म्हणून परतीची वेळ आधीच पाहून ठेवा.

धबधब्याच्या ओढ्यात पाणी गुडघ्याखाली होतं. आमच्याकडे पाऊसही नव्हता. तरी काही मिनिटांत ओढा ओलांडता येईना. असं का होतं आणि आधी कसं ओळखायचं? (नाशिक)

तुम्ही जिथे उभे असता तिथल्या पावसाशी ओढ्याचा फारसा संबंध नसतो. ओढ्यात येतं ते वरच्या पठाराचं पाणी. घाटमाथ्यावर पायथ्यापेक्षा कितीतरी जास्त पाऊस पडतो. जुलैच्या मध्यापर्यंत माती पाणी पिऊन तुडुंब झालेली असते आणि तिच्याखालचा काळा कातळ पाणी फारसं शोषत नाही. त्यामुळे वर एक जोराची सर आली की तिचं जवळजवळ सगळं पाणी पृष्ठभागावरून वाहतं आणि उतार तीव्र असल्याने मिनिटांत खाली पोहोचतं. खाली तेव्हा ऊनही पडलेलं असू शकतं.

म्हणून ओढ्यात पाय घालण्याआधी नकाशात पाहा की हा ओढा कुठून येतो, वरचं पठार केवढं आहे आणि वर धरण किंवा तलाव आहे का. ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पाणी वाढत गेलं आणि प्रवाहाच्या मधल्या खडकावरून त्यांना काठ गाठता आला नाही. मधला खडक सुरक्षित वाटतो, पण पाणी वाढलं की सुटकेची वाट आधी तिथलीच बंद होते.

पाणी वाढण्याच्या खुणा साधारण अशा क्रमाने दिसतात. स्वच्छ पाणी गढूळ, तांबूस होऊ लागतं. पालापाचोळा, काटक्या, फेस वाहत येतो. आवाज जड होतो आणि तळाशी दगड एकमेकांवर आपटल्याचा दबका ठोका ऐकू येतो. यातली पहिली खूण दिसली की सामान गोळा करत बसू नका. जवळच्या काठाने सरळ वर चढा. ओढ्याच्या दिशेने खाली पळणं व्यर्थ आहे, पाणी तुमच्यापेक्षा वेगाने येतं. काठावर पोहोचल्यावर एखादा दगड खूण म्हणून धरा. दहा मिनिटांत तो बुडाला तर पाणी अजून चढतंय.

परतीच्या वाटेवर ओढा असेल तर जाताना त्याची खोली काठीने मोजा. वाहतं पाणी गुडघ्यापर्यंत आलं की मोठ्या माणसाचाही तोल जातो आणि मांडीपर्यंतच्या पाण्यात उतरूच नये. ओलांडायचंच असेल तर पाठपिशवीचे कमरेचे आणि छातीचे पट्टे सोडा, म्हणजे पडलात तर ती टाकून देता येते. तोंड प्रवाहाकडे ठेवा, काठी पुढे रोवा, एका वेळी एकच पाय हलवा. दोर कमरेला बांधून कुणालाही पाण्यात सोडू नका. पाय घसरला की दोर माणसाला पाण्याखाली धरून ठेवतो. उतरण्यासारखं पाणी नसेल तर थांबा. लहान ओढे पाऊस थांबल्यावर बहुधा तासा-दोन तासांत उतरतात. यासाठीच दुपारी दोनच्या पुढे वर चढत राहू नये. जुलैत सूर्यास्त सव्वासातच्या सुमारास असला तरी ढग आणि झाडीमुळे घळीत तासभर आधीच अंधारतं.

हवामान खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ मिमीच्या पुढचा पाऊस मुसळधार आणि ११५.६ मिमीच्या पुढचा अतिमुसळधार. घाटासाठी नारिंगी किंवा लाल इशारा असेल त्या दिवशी ओढ्याची वाट सोडा. लेणी पाहायला जायला हरकत नाही, पण वाटेत ओढा ओलांडावा लागणारी निवडू नका.

देवकुंडला पोहायला जायचं आहे. मी नदीत पोहत वाढलोय. तरी भीती आहे का? (पनवेल)

आहे आणि ती पोहता येण्या-न येण्याची नाही. धबधबा कुंडात कोसळतो तिथे पाण्यात हवा मिसळते. त्या फेसाळ पाण्यात शरीर नेहमीसारखं तरंगत नाही आणि हात मारून पुढेही सरकत नाही. शिवाय पडणारं पाणी तळाकडे जाऊन पुन्हा धबधब्याच्याच दिशेने वळतं आणि माणसाला परत आत ओढतं. पट्टीचे पोहणारे बुडतात ते इथेच. वरून दगडही येतात. पाण्याबरोबर सुटलेला मुठीएवढा दगड डोक्यात बसला तरी पुरे.

देवकुंडची वाट रायगड जिल्ह्यातल्या भिरा गावातून, धरणाच्या जलाशयाच्या काठाकाठाने जाते. एका बाजूला साधारण दोन तास लागतात आणि मध्ये ओढे आहेत. पावसाळ्यात प्रशासन तिथे जायला मनाई करतं. तो आदेश मोडून आडवाटेने जाऊ नका. दिवाळीनंतर जा, गावातला वाटाड्या घ्या. कुंडाच्या काठाला बसून पाय भिजवा, धबधब्याखाली जाऊ नका.

पावसासाठी कोणते बूट? महागड्या बुटांवरूनही मी घसरते. (सातारा)

किंमत नाही, तळ पाहा. अंगठ्याचं नख दाबून बघा: रबर किंचित दबलं तर ओल्या कातळावर धरून राहील, प्लॅस्टिकसारखं टणक लागलं तर घसरणार. खाचा खोल आणि मोकळ्या हव्यात, म्हणजे चिखल भरून राहत नाही. कपाटात चार-पाच वर्षं नुसते पडलेले बूटही फसवतात. रबर कडक होतं, आतला फोम दमटपणाने कुजतो आणि ऐन उतरणीला तळ सुटून हातात येतो. पिशवीत दोन मीटर नायलॉनची दोरी ठेवा, तळ बांधून घरी पोहोचता येतं. गमबूट नकोत, पाणी भरलं की पाय आत सरकतो.

चालण्याची रीत बुटाइतकीच महत्त्वाची. काळा, चकाकणारा कातळ म्हणजे शेवाळ. खरखरीत, करडा भाग शोधून पाय टाका. लेण्यांच्या पायऱ्या मधोमध झिजून गुळगुळीत झालेल्या असतात, कडेने चाला. उतरताना आडवे व्हा, गुडघा थोडा वाकलेला ठेवा. झाडाच्या ओल्या मुळीवर कधीच पाय देऊ नका, ती कातळापेक्षाही निसरडी असते.

कोंडाणे लेण्यांसमोर पाण्याचा पडदा पडतो म्हणतात. तिथे भिजता येईल का? (ठाणे)

पडदा पाहायला जरूर जा, त्याखाली उभे राहू नका. हे पाणी थेट लेण्याच्या माथ्यावरून येतं आणि त्याच्याबरोबर सुटे दगड येतात. लेण्याच्या आतल्या बाजूने पाहिलं तर पाऊस, दरी आणि कोरीव दर्शनी भाग एकत्र दिसतात. सह्याद्रीत असं दृश्य फार थोड्या ठिकाणी मिळतं. कर्जतहून रिक्षा किंवा जीपने कोंदिवडे गाठा. तिथून उल्हास नदीच्या खोऱ्यातून तास-सव्वातासाची वाट आहे. चैत्यगृहाच्या दर्शनी भागाशेजारी एका मोठ्या मस्तकाचा भग्न अवशेष आणि ब्राह्मी लेख आहे. ‘कण्हाचा शिष्य बलुक याने केलं’ असा त्याचा अर्थ लावतात. कोरणाऱ्याचं नाव सापडणं ही दुर्मीळ गोष्ट, ते चुकवू नका. तिथूनच राजमाचीला वाट चढते, पण पावसात त्याच दिवशी वर जाऊन परत उतरण्याचा बेत ओढाताणीचा होतो.

नाणेघाटातला ‘उलटा धबधबा’ कधी दिसतो? (अहिल्यानगर)

पश्चिमेचा वारा जोरात असेल तेव्हाच. वारा कड्यावर आदळून वर वळतो आणि पाण्याची बारीक धार असेल तर तिला उचलून पठारावर फेकतो. धार मोठी असली तर ती खालीच पडते. म्हणजे मुसळधार पावसापेक्षा वारा जोरात आणि पाऊस मध्यम असलेला दिवस चांगला. मात्र तोच वारा तुमच्यावरही आदळतो आणि मध्येच पडतो. त्याला रेलून उभं राहिलेल्या माणसाचा तोल तेव्हा जातो. कड्यापासून किमान दहा फूट लांब राहा, छत्री उघडू नका.

जुन्नरकडून गाडी थेट वर येते. पण कल्याण-मुरबाड-माळशेज रस्त्यावर वैशाखऱ्याच्या पुढे उतरून चढलात तर घाट म्हणजे काय ते कळतं. अडीच-तीन तास लागतात. वरच्या टप्प्यात सातवाहनांनी फरसबंद केलेली वाट पायाखाली येते. गुहेत राणी नागनिकेचा प्रदीर्घ लेख आहे, त्यात यज्ञांच्या दक्षिणेचे आकडे ब्राह्मी अंकांत कोरलेले आहेत. मागच्या भिंतीवर राजघराण्याच्या मूर्ती होत्या, आता वरची नावं आणि पावलांचे अवशेष उरलेत. बाहेर माथ्यावरचा दगडी रांजण जकातीसाठी होता असं परंपरा सांगते.

आई ६८ वर्षांची, गुडघे दुखतात. तिला लेणं आणि धबधबा दोन्ही दाखवायचं आहे. (पुणे)

वेरूळ. बहुतेक लेणी रस्त्यालगत आहेत आणि २९ क्रमांकाच्या लेण्याशेजारी येळगंगेचा धबधबा पावसाळ्यात कोसळतो. तिथपर्यंत पायऱ्या टाळून वाहनाने जवळ जाता येतं का, ते प्रवेशद्वारावर विचारा. वेरूळ मंगळवारी बंद असतं, अजिंठा सोमवारी. अजिंठ्यात वाघूर नदीचा सप्तकुंड धबधबा आहे, पण तिथे चढउतार बराच आहे. गुडघेदुखीत चढणीपेक्षा उतरणीला त्रास होतो, म्हणून दोन काठ्या सोबत ठेवा.

गोव्यात असं एकत्र काही आहे? (म्हापसा)

साखळीजवळ हरवळे. जांभ्या दगडात कोरलेली लेणी, रुद्रेश्वराचं देऊळ आणि धबधबा, सगळं एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. जांभा सच्छिद्र असल्याने बारीक कोरीव काम टिकत नाही, त्यामुळे लेणी साधी आहेत आणि आत लिंगं आहेत. धबधब्याच्या डोहात उतरू नका.

जळवा आणि मधमाश्या यांचं काय करावं? (कराड)

जळू ओढू नका. तिच्या तोंडाच्या बारीक टोकापाशी नख कातडीलगत सरकवा, ती सुटते. रक्त बराच वेळ वाहतं, कारण ती रक्त गोठू न देणारं द्रव्य सोडते. घाबरू नका, स्वच्छ धुऊन दाबून धरा. मीठ-हळदीची पुरचुंडी मोज्यावर चोळली तर जळवा कमी चढतात, पण पावसात ती धुऊन जाते, मधूनमधून पुन्हा चोळावी लागते.

आग्या मोहोळाची गोष्ट गंभीर आहे. लेण्यांच्या कमानींखाली ती पोळी लटकतात, पावसाळा सरल्यावर जास्त. अत्तर लावून जाऊ नका, धूर आणि आरडाओरडा करू नका, दगड मारणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवा. माश्या उठल्या तर तोंड झाकून लांब पळा, हात झाडू नका. चिरडलेल्या माशीच्या वासाने आणखी माश्या येतात. पाण्यात उडी मारू नका, त्या वर घिरट्या घालत राहतात. सुरक्षित जागी आल्यावर काटे नखाने लगेच खरवडून काढा, चिमटीत धरून वेळ घालवू नका. ओठ सुजले, श्वास लागला, अंगभर गांधी उठल्या किंवा लहान मुलाला बरेच डंख झाले तर १०८ ला फोन करा. रुग्णवाहिका रस्त्यापर्यंतच येते, म्हणून फोन करतानाच जवळच्या गावाचं नाव आणि पायथ्याची खूण सांगा.