संक्रमण वक्र आणि साकव

महामार्गाच्या आखणीविषयीच्या एका मराठी टिपणात, सरळ रस्ता हळूहळू वळणात नेणाऱ्या भागासाठी ‘संक्रमण वक्र’ हा शब्द आढळला. संक्रमण म्हणजे रोगाची लागण, तेव्हा तेथे ‘स्थित्यंतर वक्र’ म्हणणे योग्य नव्हे काय, असे फोंड्याच्या एका वाचकाने विचारले आहे. वक्राचे नाव निर्दोष आहे. दोष आहे तो लागणीच्या अर्थाचा. रोगासाठी ‘संसर्ग’ आणि ‘लागण’ असे दोन धडधाकट शब्द घरात असताना आपण हिंदी बातम्यांतून ‘संक्रमण’ उचलले, आणि २०२० च्या साथीनंतर तर ‘एकीकडून दुसरीकडे जाणे’ हा मूळ अर्थ सांगणाराच चुकीचा ठरू लागला. मकरसंक्रमण सर्वांना ठाऊक आहे, ते सोडून देऊ.

‘स्थित्यंतर’ दोन अवस्था दाखवते, त्यांच्यामधली चाल दाखवत नाही. येथे तर सारे महत्त्व त्या चालीलाच आहे. समृद्धी महामार्ग सपाट प्रदेशात ताशी १५० किलोमीटर वेगासाठी आखलेला आहे. अशा मार्गावर सरळ रेषेला वर्तुळाचा कंस थेट जोडला, तर केंद्रोत्सारी बल गाडीवर एकदम येईल आणि रस्त्याची बाहेरची कड क्रमाने उचलण्यास जागाच उरणार नाही. म्हणून त्या दोहोंमध्ये क्लोथॉइड नावाचा वक्र घालतात. त्यात वक्रता अंतराच्या प्रमाणात वाढत जाते आणि कडही तिच्याबरोबर उचलली जाते. त्रिज्या आणि बलवाढीचा दर तोच ठेवून वेग दुप्पट केला, तर या वक्राला आठपट लांबी लागते.

‘क्रम’ म्हणजे पाऊल, आणि पावलापावलाने पलीकडे नेणारा तो ‘संक्रम’. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात किल्ल्याच्या खंदकावरील काढून घेता येणाऱ्या पुलाला हाच शब्द आहे. प्राकृतात त्याचा ‘संकम’ झाला. पुढे ग्रामाचा गाव आणि नामाचे नाव झाले त्याच वाटेने ‘म’चा ‘व’ होऊन मराठीला ‘साकव’ मिळाला. कोकणीने अनुस्वारही जपला: ओहोळावर टाकलेले माडाचे खोड असो की झुआरीवरचा केबलांनी तोललेला आठपदरी पूल, दोन्ही ‘सांकव’च. आपण मात्र साकव ओढ्यापुरता ठेवला, मोठ्या नदीवर फारसी ‘पूल’ बांधला आणि उद्घाटनाच्या दिवशी ‘सेतू’ बोलावला. माझे चालले असते तर त्या वक्रालाही मी ‘साकववळण’च म्हटले असते.

कर्नाटकाच्या किनाऱ्यावर लहान पुलाला ‘संक’ म्हणतात, एवढ्यावरून साकव कानडीतून आला असे सांगणारे काही जाणकार आहेत. साकवातला ‘व’ मग कोठून आला, हे त्यांनी आधी सांगावे. ‘संक’ हे त्याच संक्रमाचे दुसरे अपत्य आहे, साकवाचे जनक नव्हे.