वाचकांचे प्रश्न : सीनेचा पूर, माळवदाची माती आणि वळवाची वीज

प्रश्न : आमची वस्ती मोहोळ तालुक्यात सीनेच्या काठापासून दोन शेते अलीकडे आहे. सप्टेंबर २०२५ च्या पुरात गोठ्यात कमरेइतके पाणी आले. त्या सकाळी आमच्याकडे पाऊस उघडला होता, म्हणून आम्ही निर्धास्त राहिलो. घरात दोन म्हशी, एक गाय आणि चालता न येणाऱ्या सासूबाई आहेत. आधीच काय करून ठेवावे?
— एक भगिनी, मोहोळ तालुका

उत्तर : ताई, ‘पाऊस उघडला होता’ हे आपले शब्द मी दोनदा वाचले, कारण सीनाकाठच्या माणसाची फसगत नेमकी तिथेच होते. सीना अहिल्यानगर जिल्ह्यात उगम पावते आणि बीड, धाराशिवकडच्या ओढ्या-नद्यांचे पाणी घेत आपल्याकडे येते. त्यामुळे आष्टी, परांडा, भूम या भागांत रात्रभर कोसळलेला पाऊस आपल्या दाराशी पोहोचतो तेव्हा आपल्या आभाळात ऊन पडलेले असू शकते. भीमाकाठची माणसे उजनीतून आणि नीरेवरच्या वीर धरणातून किती क्युसेक पाणी सोडले याकडे वर्षानुवर्षे कान लावून बसतात. सीनाकाठाला ती सवय नव्हती, कारण आपली सारी चिंता पाऊस न येण्याची. यापुढे सीना-कोळेगाव धरणाचा विसर्ग आणि वरच्या तालुक्यांतला पाऊस या दोन बातम्या सप्टेंबर-ऑक्टोबरात रोज पाहाव्यात. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे ‘सचेत’ हे ॲप मोबाईलवर घ्यावे, आणि वरच्या अंगाच्या एखाद्या गावातल्या पाहुण्यांना ‘पाणी वाढले की फोन करा’ असे सांगून ठेवावे. हा निरोप कित्येकदा सरकारी सूचनेच्या आधी येतो.

दुसरी गोष्ट म्हणजे निघण्याची खूण आजच ठरवून टाकावी. ओढ्यावरच्या फरशीला पाणी लागले, किंवा बांधावरच्या अमुक बाभळीच्या बुंध्याशी पाणी आले, की निघायचे, मग त्यावर घरात चर्चा करायची नाही. सासूबाईंना सर्वांत आधी आणि दिवसाउजेडी हलवावे. अंधारात खाटेवरून माणूस नेताना चौघे लागतात आणि नेमके तेव्हाच चौघे मिळत नाहीत. पुलावरून किंवा फरशीवरून पाणी वाहत असेल तर ते घोट्याएवढे दिसले तरी पलीकडे जाऊ नये, कारण खालचा भराव वाहून गेला आहे की नाही हे वरून कळत नाही.

जनावरांविषयी मला थोडे सविस्तर लिहायचे आहे. पुरात गेलेली कितीतरी जनावरे दावणीला बांधलेली असतात. म्हैस चांगली पोहते, गायही पोहते. पण दाव्याची गाठ भिजली आणि जनावराने ओढ घेतली की ती इतकी आवळते की हाताने सुटत नाही. म्हणून पावसाळ्यात एका हिसड्यासरशी सुटणारी सरकगाठ मारावी आणि गोठ्याच्या मेढीला, हाताला येईल अशा उंचीवर, धार लावलेला विळा खोचून ठेवावा. उंचावरची जागा, मग ती गायरान असो वा शाळेचे पटांगण, आधीच पाहून ठेवावी आणि कडब्याच्या दहा-वीस पेंढ्या तिकडेच रचाव्यात. घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाळ्यापूर्वी टोचून घ्यावी. जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी क्रमांक दिसेल असा फोटो काढून ठेवावा. जनावर दगावल्यास पंचनाम्याच्या वेळी तो फार उपयोगी पडतो.

घरातल्या तयारीबद्दल थोडक्यात सांगतो. आधारकार्ड, शिधापत्रिका, बँकेचे पासबुक, सातबारा आणि सासूबाईंची औषधे एका घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावीत. खाण्याचा प्रश्न आपल्या भागाने केव्हाच सोडवला आहे : ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आठवडाभर सहज टिकते. विहीर बुडाली असेल तर ती उपसून शुद्धीकरण होईपर्यंत पाणी उकळूनच प्यावे. पूर ओसरल्यावर मोटारीच्या स्टार्टरला किंवा घरातल्या बटणांना वायरमनने पाहिल्याशिवाय हात लावू नये. गाळात आणि अडगळीत साप असतात. चावल्यास आवळून न बांधता, चिरा न देता, तो भाग न हलवता १०८ ची गाडी बोलवावी. जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आणि आणीबाणीचा ११२ हे दोन्ही भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत.

प्रश्न : बार्शी तालुक्यात आमचे आजोबांच्या काळातले माळवदाचे, म्हणजे मातीच्या सपाट छपराचे, घर आहे. गळती थांबावी म्हणून दर उन्हाळ्यात पांढरी माती टाकतो. यंदा एका भिंतीने पोट काढले आहे. घर पाडावे का?
— एक वाचक

उत्तर : पाडण्याआधी वरची माती उतरवावी. दहा फूट लांब, दहा फूट रुंद खोलीवर एक फूट मातीचा थर म्हणजे १०० घनफूट माती, म्हणजे साधारण साडेचार टन वजन, आणि सलग तीन-चार दिवसांच्या झडीत भिजल्यावर ते आणखी वाढते. आजोबांनी घातलेल्या तुळया तेवढ्याच राहिल्या, थर मात्र दरसाल चढत गेला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात जी हजारो माणसे झोपेत गेली, त्यांतली बहुसंख्य अशाच दगड-मातीच्या जाड भिंती आणि जड छपराखाली गाडली गेली. किल्लारी आपल्यापासून फार लांब नाही, आणि मातीची भिंत पडायला भूकंपही लागत नाही.

भिंतीला पोट येते याचा अर्थ आतला आणि बाहेरचा थर एकमेकांपासून सुटत आहेत, मधला मातीचा भराव फुगत आहे. तिच्या बाजूला आजपासून कोणीही झोपू नये. माती उतरवून वर पत्रा घालावा आणि तो वाऱ्याने उडू नये म्हणून हुकांनी नीट आवळावा. पत्र्यावर नुसते दगड ठेवण्याची आपल्याकडची रीत वादळात जिवावर बेतते. भिंत टेकूवर घेऊन जाणत्या गवंड्याकडून तेवढा भाग उतरवून पुन्हा बांधावा, आणि बांधताना दर दोन-तीन फुटांवर भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड घालायला सांगावे. पावळणीचे, म्हणजे छपराच्या कडेवरून गळणारे, पाणी भिंतीच्या पायात मुरणार नाही असा उतारही काढून घ्यावा.

प्रश्न : मंगळवेढ्याकडे वळवाच्या पावसात विजा फार पडतात. रानात असताना कुठे थांबावे?
— एक शेतकरी

उत्तर : झाडाखाली थांबू नये, मग पाऊस कितीही झोडपत असो. वीज चमकल्यावर मनात आकडे मोजावेत. तीसच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, तेव्हा हातातले काम टाकून पक्क्या घरात किंवा बंद दारांच्या चारचाकीत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच राहावे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेच्या ‘दामिनी’ या ॲपवर जवळपासच्या विजांची सूचना मिळते. जवळ घर नसेल तर तारेचे कुंपण, विहीर, विजेचा खांब आणि ट्रॅक्टर यांपासून दूर सखल जागी दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसावे, आडवे पडू नये, आणि घोळका न करता अंतर ठेवून बसावे. वीज लागलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही. त्याला हात लावायला भिऊ नये. श्वास थांबला असेल तर छातीच्या मध्यभागी तळव्यांनी जोराने आणि भराभर दाब देत राहावे, आणि दुसऱ्याने १०८ ला फोन करावा.