१९५० च्या आधीची अमेरिकन गाडी रिस्टोअर करतोय, तिला त्या काळातला हीटर कसा शोधायचा?

आधी तुमच्या गाडीचा त्या वर्षीचा अ‍ॅक्सेसरी कॅटलॉग आणि पार्ट्स बुक मिळवा, त्यात जो हीटर दाखवलाय त्याचाच पार्ट नंबर घेऊन मॉडेलच्या ओनर्स क्लबमध्ये, स्वॅप मीटला (जुन्या पार्ट्सच्या बाजारात) नाहीतर जुन्या गाड्यांच्या भंगारात शोधा. कारण त्या काळात बऱ्याच गाड्यांमध्ये हीटर कंपनीतून बसवून यायचाच नाही, तो डीलरकडे वेगळा घ्यावा लागायचा, त्यामुळे आर्विन, हाडीस, ट्रॉपिक-एअर असल्या बाहेरच्या कंपन्यांचा हीटर लावला तरी तो चुकीचा ठरत नाही, फक्त वर्षं जुळायला हवीत. (जुन्या गाड्यांच्या शोमध्ये जजिंगला, म्हणजे परीक्षकांकडून गुण घ्यायला, गाडी न्यायची असेल तर नियम आधीच वाचून घ्या, काही ठिकाणी फक्त फॅक्टरीचाच चालतो.)

घेताना एवढं बघा:
- मोटर ६ व्होल्टची आहे ना. अमेरिकन गाड्या बहुतेक १९५५-५६ च्या सुमारास १२ वर गेल्या, ६ ची मोटर १२ वर जळते.
- कोअर, म्हणजे इंजिनचं गरम पाणी जिच्यातून फिरतं ती हीटरमधली छोटी जाळी, प्रेशर टेस्ट करून घ्या, नाहीतर गरम पाणी थेट पायावर. गळत असेल तर रेडिएटरवाला नवीन कोअर घालून देतो, बाहेरचं खोकं मात्र ओरिजिनलच ठेवा, दिसतं तेच.

स्ट्युअर्ट-वॉर्नर कंपनीचा साऊथ विंड हीटर पण त्याच काळातला आणि दिसायला झकास, पण तो पेट्रोल जाळून गरम होतो, म्हणजे लीक असेल तर आग किंवा केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइड, त्यामुळे जाणकाराकडून पूर्ण ओव्हरहॉल झाल्याशिवाय तो नुसता शोपीस म्हणूनच लावा.