सिकलसेलचं ई६व्ही: टूल्सची उत्तरं जुळत का नाहीत?

तुम्ही प्रबंधासाठी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं ई६व्ही म्युटेशन, म्हणजे हिमोग्लोबिनच्या बीटा ग्लोबिन साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी (ई) व्हॅलिन (व्ही) येणं, बदलाचा परिणाम सांगणाऱ्या तीन टूल्समध्ये टाकलंत. एकाने एरर दिला, सिफ्टने घातक म्हटलं, रचनेवर चालणाऱ्याने स्थिरतेत फारसा फरक नाही असं सांगितलं. आता बहुमत घ्यायचं का, हा तुमचा प्रश्न.

आधी एरर. युनिप्रॉट या प्रथिनांच्या डेटाबेसवर बीटा ग्लोबिनचा अमिनो आम्लांचा क्रम उघडा आणि बोट ठेवून मोजा: एम, व्ही, एच, एल, टी, पी, ई, ई. सहाव्या जागी प्रोलिन आहे, ग्लुटामिक आम्ल सातव्या. सुरुवातीचं मेथिओनिन प्रथिन तयार होतानाच छाटलं जातं, म्हणून जुन्या क्रमांकात ते धरत नसत. टूलला ई७व्ही द्या. चुकून ८ टाकलंत तर मात्र जपा. तिथेही ई असल्याने एरर येणार नाही, आणि भलत्याच म्युटेशनचा स्कोर हातात पडेल.

आता मुख्य मुद्दा. ही जागा प्रथिनाच्या पृष्ठभागावर आहे. तिथे व्हॅलिन आलं तरी हिमोग्लोबिनची घडी मोडत नाही, म्हणून स्थिरता मोजणारं टूल त्याच्यापुरतं बरोबरच बोलतंय. बिघाड होतो दोन रेणूंमध्ये. ऑक्सिजन सुटला की हे व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या बीटा साखळीतल्या खोबणीत, ८५चं फेनिलअॅलनिन आणि ८८चं ल्युसिन (हे जुने क्रमांक) यांच्यापाशी, जाऊन बसतं. रेणूंच्या लांब दोऱ्या होतात आणि लाल पेशी कोयत्यासारखी वाकते. एकटा रेणू तपासून हे कसं दिसणार? क्रमावरून प्रथिनाची रचना सांगणाऱ्या अल्फाफोल्डला बदललेला क्रम देऊनही हे कळणार नाही, ते त्यासाठी बनवलेलंच नाही.

सिफ्ट वेगळंच बघतं: उत्क्रांतीत ती जागा किती जपली गेली.

म्हणून बहुमत घेऊ नका. रेव्हेल (२०१६) हे टूल तर अशाच १३ टूल्सचे स्कोर एकत्र करतं, त्यात सिफ्ट आणि पॉलिफेनही आहेत. सिफ्ट आणि रेव्हेल जुळले म्हणजे दोन साक्षीदार मिळाले असं होत नाही.

गडचिरोली, नंदुरबारकडच्या पेशंटचं निदान सोल्युबिलिटी टेस्ट आणि एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी तपासणी) या रक्ताच्या चाचण्यांवर होतं, स्कोरवर नाही. हे प्रबंधात स्पष्ट लिहा, माझी कळकळीची विनंती आहे.

आणि ई७के जरूर चालवा. जागा तीच, फक्त लायसिन येतं. ते हिमोग्लोबिन सी, आणि दोन्ही जनुकांत असलं तरी आजार बराच सौम्य. दोन्हींचे आकडे शेजारी ठेवून इथे टाका, मी बघतो.