आधी काय, मग काय

भावा, येशूवर नवीनच विश्वास ठेवलायस म्हणून एकदम सगळं बदलायला जाऊ नको. बायबलातल्या मत्तय 6:33 मधलं 'आधी देवाचं राज्य' म्हणजे चोवीस तास चर्चमध्येच बसायचं असं नाही. नवीन पोरं इथंच चुकतात बघ, कोयर (चर्चचं गायन मंडळ), तरुण संघ, संडे स्कूल (पोरांचा बायबल वर्ग) सगळं अंगावर घेतात आणि घरी आई एकटीच गिरणीतनं ज्वारीचा डबा उचलून आणतीय. देवाला अर्पण केलंय म्हणून आईबापाला काही न देणाऱ्यांना येशूने मार्कच्या पुस्तकात, 7व्या अध्यायात चांगलंच सुनावलंय.

सध्या एवढंच कर:
- सकाळी मोबाईलच्या आधी थोडी प्रार्थना न मार्कचं वाचन, 16च अध्याय आहेत
- रविवारची उपासना. आपल्या सोलापुरात लूमच्या शिफ्टा असतात, मालकाला आधीच सांगून ठेव
- पगार झाला की दान पहिलं बाजूला काढ, उरलं तर देऊ म्हणलं की उरतच नाही

दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग देवाला द्यायचा, तो पीएफ-बिएफ कापायच्या आधीच्या पगारावर का हातात आलेल्यावर, ते नंतर बघू.